केळदच्या खिंडीतला हिरवा: घाटमाथ्याच्या आडवाटेवर बसून केलेली निसर्गचित्रे

ओलाकागद (धागाकर्ता)

गेली सहा-सात वर्षे मी सुटीच्या दिवशी दुचाकीला बोर्ड बांधून पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे आणि भोर भागातल्या घाटमाथ्यावर जलरंगात निसर्गचित्रे करायला जातो. माझे कलाशिक्षण झालेले नाही. शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा एवढीच माझी पात्रता. खानापुराहून पाबे घाट चढून वेल्ह्याकडे उतरायचे, तिथून तोरण्याच्या पायथ्याने भट्टी, पासली ही गावे मागे टाकत केळदच्या खिंडीत पोचायचे, हा माझा ठरलेला रस्ता आहे. खिंडीत मागे वळून पाहिले की तोरणा दिसतो, आणि केळदच्या पुढे मढे घाटाशी जमीनच संपून खाली एकदम कोकण उघडते. तानाजी मालुसरे यांचे पार्थिव सिंहगडाहून याच वाटेने उमरठ्याला नेले, असे इकडे सांगतात. पावसाळ्यातले रविवार सोडले तर या रस्त्यावर वाहने फारशी नसतात, आणि रस्त्याकडेला बसून चित्र काढणाऱ्याला याहून मोठी चैन नाही.

सामानाच्या बाबतीत मी सुरुवातीला बऱ्याच चुका केल्या. अर्ध्या इम्पिरियल आकाराचा कागद, घडीचा इझल (चित्र टेकवायची तिकाटणी) आणि चोवीस रंगांची पेटी घेऊन मी पहिल्यांदा खिंडीत उभा राहिलो, तेव्हा वाऱ्याने इझल कागदासकट उचलून खालच्या खाचरात नेऊन ठेवला. आता मी इम्पिरियलचा आठवा भाग, म्हणजे साधारण साडेसात बाय अकरा इंचांचा ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड सुती कागद वापरतो, बोर्ड मांडीवर ठेवतो आणि रंग सातच नेतो. जागा निवडण्याची रीतही उलटी झाली आहे. वळणाबाहेर दुचाकी उभी करायला जागा आहे का ते आधी पाहतो, नंतर सावली शोधतो, आणि या दोन्ही गोष्टी जिथे मिळतील तिथून जे दिसेल ते रंगवतो. दृश्य पाहून थांबायची सवय सुटल्यापासून माझी चित्रे सुधारली, असे माझे प्रामाणिक मत आहे, कारण प्रसिद्ध दृश्यासमोर बसलो की मी समोरचे न पाहता आधी पाहिलेली छायाचित्रेच रंगवत असे.

आता मूळ अडचण सांगतो. आषाढ-श्रावणातले माझे प्रत्येक चित्र घरी आणल्यावर हिरव्या चटणीसारखे दिसते. तिथे बसलेलो असताना डोंगर जिवंत वाटतो, त्यात खोली असते, जवळचे जवळ आणि लांबचे लांब कळते. कागदावर मात्र सगळ्याचा एकच हिरवा लगदा होतो. उन्हाळ्यातली चित्रे मला बऱ्यापैकी जमतात. हा पावसाळी हिरवा आपण कसा हाताळता?

सावलीतला

सर्वांत आधी पेटीतला सॅप ग्रीन काढून टाका. मी हे विनोदाने म्हणत नाही. ट्यूबमधला तयार हिरवा हाताशी असला की माणूस मिश्रण करण्याचा कंटाळा करतो आणि डोंगराच्या पायथ्यापासून शेंड्यापर्यंत तोच फासत जातो. दोन पिवळे आणि दोन निळे घेतले तर चार वेगळे हिरवे मिळतात. लेमन यलोत सेरुलियन हा निळा मिसळला तर थंड, पोपटी रंग येतो. गॅम्बोज या उबदार पिवळ्यात अल्ट्रामरीन निळा मिसळला तर गडद, उबदार रंग येतो. आणि यांपैकी कशातही बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा थेंब पडला की त्याचा भडकपणा उतरतो. हिरव्याला लाल मारतो, हे एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ होते.

दुसरी गोष्ट उजेडाची आहे. उन्हात एकाच उताराला उजेडाची आणि सावलीची अशा दोन बाजू मिळतात. ढगाळ दिवशी ती सोय नसते, त्यामुळे उन्हाळ्यातल्या चित्रात सावलीने आपोआप येणारी खोली पावसाळ्यात तुम्हाला धुक्याच्या थरांतून आणावी लागते. डोंगराची मागची धार ओल्यावर ओले सोडा, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग लावा, तिची खालची कड पाण्याने विरघळू द्या आणि कागद पुरता वाळल्यावरच पुढची धार कोरड्या कडेने घ्या. भर पावसाळ्यात वॉश (पातळ रंगाचा सलग हात) वाळायला अर्धा तासही लागतो, हे मान्य आहे. म्हणून मी तिथे फक्त पहिला वॉश करतो, छायाचित्रे काढून घेतो आणि उरलेले काम घरी पंख्याखाली करतो. यात काही कमीपणा आहे असे मला वाटत नाही.

बेसाल्ट

रंगांबद्दल मला अधिकाराने बोलता येणार नाही, पण डोंगराच्या बांधणीबद्दल थोडे लिहितो, कारण ओलाकागद यांच्या तक्रारीचे मूळ तिथेही असू शकेल. आपला सह्याद्री वळ्या पडून वर आलेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि पुढे पाण्याने ते कोरले गेले, म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच. घट्ट बेसाल्टचा थर असतो तिथे उभा कडा तयार होतो. सच्छिद्र, लवकर झिजणारा थर असतो तिथे उतार पडतो. कधी कधी दोन थरांमध्ये विटकरी मातीचा पातळ पट्टा असतो, तो घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीत अगदी स्पष्ट दिसतो.

याचा चित्राशी संबंध असा की माती उतारावर टिकते, कड्यावर टिकत नाही. त्यामुळे पावसाळ्यातला डोंगरसुद्धा सलग हिरवा कधीच नसतो. काळा उभा पट्टा, त्याखाली हिरवा कलता पट्टा, पुन्हा काळा, पुन्हा हिरवा असा तो आडवा विणलेला असतो. हे थर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे असल्याने समोरासमोरच्या दोन डोंगरांवर तेच पट्टे त्याच उंचीवर सापडतात. पेन्सिलीने आधी ह्या आडव्या रेषा हलक्या हाताने घेतल्या, तर हिरव्याला बसायला जागा आणि थांबायला हद्द मिळेल, असे वाटते.

जास्वंद

तांत्रिक चर्चेत एक वेगळा मुद्दा मांडते. मी एकटी जाते आणि माझ्याकडे वाहन नाही, त्यामुळे एसटी जिथे थांबते तिथेच माझे चित्र होते. भोरहून महाडकडे जाणाऱ्या वरंधा घाटात वाघजाईच्या देवळाजवळ चहा-भजीच्या टपऱ्या आहेत, तिथे मी अनेकदा बसले आहे. माणसांची ये-जा असलेली, पण गर्दी नसलेली जागा एकट्या बाईला सर्वांत बरी, असा माझा अनुभव आहे. अगदी निर्मनुष्य वळणावर लक्ष निम्मे चित्रात आणि निम्मे पाठीमागे असते, आणि अशा चित्रात ते दिसतेही. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट वाहतुकीला बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी आगारात चौकशी करणे आवश्यक आहे. तिथल्या माकडांनी माझा पुसायचा स्पंज पाव समजून पळवला होता, हेही जाता जाता नोंदवून ठेवते.

ओलाकागद

बेसाल्ट, आडव्या रेषांची सूचना फार उपयोगी ठरली. कालच्या चित्रात प्रथमच तोरण्याच्या कड्याला वजन आले आहे. सॅप ग्रीनही पेटीतून काढून भाचीला दिला.

सावलीतला यांचे एक म्हणणे मात्र मला पटत नाही. छायाचित्रावरून चित्र पुरे करण्यात कमीपणा नाही, हे खरे आहे; पण माझ्या फोनचा कॅमेरा हिरव्या रंगाशी जे काही करतो, त्यानंतर माझ्यापुढे तीच चटणी राहते, आणि ती मी अधिक निगुतीने वाटतो इतकेच. शिवाय छायाचित्रात धुके केवळ पांढरे दिसते. तिथे बसले की त्या पांढऱ्यामागे डोंगर आहे हे डोळ्याला माहीत असते, कारण पाच मिनिटांपूर्वी तो दिसलेला असतो.

ड्रॉइंगमास्तर

तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे मास्तरी बोललो तर समजून घ्यावे.

छायाचित्र की प्रत्यक्ष स्थळ, या वादात एक तिसरी वाट आहे आणि ती जुनी आहे. इंग्रज चित्रकार एडवर्ड लिअर १८७३ ते १८७५ या काळात हिंदुस्थानात फिरला. प्रवासात त्याच्याजवळ वेळ थोडा असे, म्हणून तो पेन्सिलीने झरझर रेखाटन करी, त्यावर ठिकाण, तारीख आणि अनेकदा वेळसुद्धा लिही, आणि चित्रातल्या भागाभागावर तिथला रंग शब्दांत नोंदवून ठेवी. दार्जिलिंगहून पाहिलेल्या कांचनजंगेची मोठी तैलचित्रे त्याने नंतर युरोपात परतल्यावर अशा रेखाटनांच्या आधारे केली. कॅमेरा सगळेच टिपतो. शब्दांत नोंद करणाऱ्याला मात्र प्रत्येक तुकड्यापुरता निर्णय करावा लागतो. ‘हिरवा’ असे लिहून भागत नाही, कोणता हिरवा ते लिहावे लागते, आणि ते लिहिण्यासाठी आधी पाहावे लागते. ओलाकागद यांनी पुढच्या खेपेला रंगपेटी घरी ठेवून फक्त पेन्सिल न्यावी आणि समोर दिसणाऱ्या प्रत्येक हिरव्याला नाव द्यावे, असा माझा आग्रह आहे.

त्यांनी एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा जाण्याचा जो क्रम ठेवला आहे, तो मोडू नये. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले आणि १९३१ साली कोल्हापुरातच वारले. गावाजवळच्या कोटीतीर्थ तळ्याची चित्रे त्यांनी पुन्हा पुन्हा केली. तेच पाणी आणि तीच झाडे यांत त्यांना आयुष्यभर पुरेल इतका विषय मिळाला. लांबचे डोंगर पाहू नयेत असे मी म्हणत नाही, पण दहा घाट एकदा करण्यापेक्षा एक घाट दहादा केलेला बरा.

कागदाबद्दल एक सूचना करतो. पावसाळ्यात दमट हवेने कागदाचे साइझिंग (पाणी चटकन शोषू न देणारा खळीचा लेप) बिघडते आणि मग वॉश टीपकागदावर पडल्यासारखा डागाळतो. दोष हातात नसून कागदात असतो, पण विद्यार्थी स्वतःला दोष देत बसतात. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा.

हिमखडक

मास्तरांचे म्हणणे मान्य करूनही लांबच्या डोंगरांची बाजू मांडतो, कारण मला सह्याद्री दिसू लागला तो हिमाचलमधल्या स्पितीत जाऊन आल्यावर. ग्रांफूहून चंद्रा नदीच्या कडेने छत्रू, बातल करत कुंझुम खिंडीकडे जाणारा कच्चा रस्ता हिवाळ्यात बंद असतो आणि उन्हाळ्यात उघडला तरी तासाला जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर अंतर कापता येते. म्हणजे चित्रकारासाठी तो योग्य वेगाचा आहे.

तिथली अडचण तुमच्या अगदी उलट आहे. हवा इतकी कोरडी असते की कुंचला कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिले टोक वाळलेले असते. मी आधी कागदाची पाठ भिजवून घेत असे आणि रंगाच्या पाण्यात ग्लिसरिनचे दोन थेंब टाकत असे. त्याहून अवघड गोष्ट अशी की आपल्याकडे लांबचा डोंगर निळसर आणि फिका होतो, या हिशेबावर आपण खोली दाखवतो. स्पितीच्या विरळ, धूळ आणि बाष्प नसलेल्या हवेत पंधरा किलोमीटरवरचा कडाही समोरच्या दगडाइतका रेखीव दिसतो. धनकरच्या गोम्पाजवळून (बौद्ध मठाजवळून) खाली स्पिती आणि पिन या नद्यांचा संगम रंगवताना माझा पूर्ण पराभव झाला. नंतर कळले की तिथे अंतर रंगाच्या फिकेपणाने दाखवता येत नाही, ते आकारांच्या लहान-मोठेपणाने आणि ढगांच्या पळत्या सावल्यांनी दाखवावे लागते. परत येऊन ताम्हिणी घाटात धुके पाहिले, तेव्हा हवा रंगवता येते म्हणजे काय हे मला उमगले.

उंचावर पांढऱ्या कागदाची तिरीप डोळ्यांना त्रास देते. छत्री वापरायची तर पांढरी, करडी किंवा काळी असावी. मी लाल छत्री नेली होती आणि एक अख्खे चित्र गुलाबी उजेडात केले.

नीरेकाठचा

मी नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला राहतो आणि माझी भातशेती आहे. चित्रकलेतले मला काही कळत नाही. पण आपण सर्वजण ज्याला हिरवा म्हणता त्यात आमच्या डोळ्यांना पाच-सहा वेगळ्या गोष्टी दिसतात, त्या लिहितो.

जूनच्या अखेरीस सर्वांत पोपटी, उजळ तुकडा दिसतो तो तरव्याचा असतो, म्हणजे लावणीआधी दाट पेरलेल्या भातरोपांचा. तो लहानसाच असतो, पण अर्ध्या कोसावरून उठून दिसतो. लावणी झालेले खाचर हिरवे नसतेच. त्यात पाणी असते, पाण्यात आभाळ असते आणि रोपांच्या नुसत्या काड्या असतात, त्यामुळे जुलैत ते राखाडी दिसते आणि ऑगस्टमध्ये रोपे फुटली की मग भरते. वरच्या उताराला नाचणी आणि वरई असते; तिथे पाणी साचत नाही, ओळींतून तांबडी माती दिसते, म्हणून तो हिरवा तांबूस वाटतो. त्याच्या वर गवत. कड्याच्या खालच्या दाट काळसर झाडोऱ्यात बहुधा कारवी नावाचे झुडूप असते. भाद्रपदात उतारावर सोनकी फुलते तेव्हा गवताचा हिरवा पिवळ्याकडे झुकतो, आणि दिवाळीपर्यंत सगळे सोनेरी होऊन जाते. कोणी भर पावसाळ्यात खाचर, गवत आणि रान एका रंगाने रंगवले, तर आम्हाला ते गाव ओस पडल्यासारखे वाटेल.

आता दोन विनंत्या. रंगाचे ब्रश धुतलेले पाणी कृपा करून झऱ्यात किंवा खाचरात ओतू नये. आपल्यातल्याच एका चित्रकाराने मला सांगितले की काही रंगांत कॅडमियम आणि कोबाल्ट असे विषारी धातू असतात; आमची गुरे तेच पाणी पितात. ते पाणी बाटलीत भरून परत न्यावे. दुसरे, बांधावर बसायला कोणी ना म्हणत नाही, पण आधी हाक मारून विचारावे. पावसाने मऊ झालेला बांध पायाने ढासळतो आणि मग त्या खाचरातले पाणी रात्रीतून निघून जाते. बसण्यासाठी दगड उलथतानाही जपावे. फुरसे हा विषारी साप दगडाखाली असतो आणि तो बाजूला होत नाही.

सावलीतला

हा प्रतिसाद वाचून मी माझा वरचा सल्ला अर्धा मागे घेतो. दोन पिवळे आणि दोन निळे यांतून किती हिरवे निघतील याचा हिशेब मी मांडत होतो. समोर किती आहेत ते आधी मोजायला हवे होते. कॅडमियमबद्दलची माहिती बरोबर आहे. मी आता रंगाचे पाणी रिकाम्या बाटलीत भरून आणतो.

ओलाकागद

मास्तरांच्या सांगण्यावरून गेल्या रविवारी रंगपेटी घरी ठेवली आणि फक्त पेन्सिल व वही घेऊन खिंडीच्या अलीकडच्या वळणावर बसलो. आधी बांधाच्या मालकांना हाक मारली; त्यांनी बसायला पोते दिले आणि मी सरकारी मोजणीला आलो नाही याची दोनदा खात्री करून घेतली. पहिली दहा मिनिटे मला तीनच हिरवे दिसले. पाऊस भुरभुरत होता, म्हणून वहीवर छत्री धरून नीरेकाठचा यांचा प्रतिसाद आठवत एकेक तुकडा पाहत गेलो. खाचरांना ‘राखाडी, हिरवी फक्त टोके’ असे लिहिले. कड्याखालच्या पट्ट्याला ‘कारवी, जवळजवळ काळा, वरच्या कडेला निळा’ असे लिहिले. धुके उतरले तेव्हा सर्वांत आधी गवत नाहीसे झाले आणि कारवीचा पट्टा शेवटपर्यंत टिकला. इतकी वर्षे तिथे बसूनही हे मी पाहिले नव्हते. तासाभरात वहीत अकरा नोंदी झाल्या.

काल घरी त्या नोंदींवरून छायाचित्राशिवाय लहानसे चित्र केले आहे, ते सोबत जोडतो. खाचरांत हिरवा अगदी नावापुरता आहे, बहुतेक भाग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या राखाडीचा आहे. उजवीकडची धार फसली आहे, कारण तिथे मी धीर न धरता ओल्या वॉशवर दुसरा हात मारला. पण चटणी झालेली नाही.

नीरेकाठचा

चित्र पाहिले. खाचरे बरोबर आली आहेत, आणि वरून तिसऱ्या खाचरात रोपे विरळ दाखवली आहेत तिथे बहुधा खरोखरच लावणी उशिरा झाली असावी. डाव्या बाजूला कड्याखाली आपण ‘गवत’ म्हणून जो तुकडा सपाट पोपटी रंगवला आहे, त्याच्या कडा सरळ आहेत. गवताच्या कडा सरळ नसतात. ती वरई असणार. पुढच्या वेळी जवळ जाऊन पाहावे.